दमा: नाही

भावाने डोळ्यांच्या डॉक्टरांना खुर्चीसकट खाली पाडलं, तेव्हा आमच्या वडिलांना जाऊन दोन तासही झाले नव्हते.

धाकट्याचं गॅरेज आहे. हॉस्पिटलमधून तो थेट तिकडे गेला, हाताला येईल तो सगळ्यात मोठा पाना उचलला आणि डोळ्यांच्या दवाखान्याकडे निघाला. मी मागून धावत पोचले, तोवर दाराच्या काचेचा चुरा झाला होता. बाहेरच्या बाकावर चार म्हातारी माणसं भिंतीला चिकटून बसली होती. त्यांच्यातल्या एका आजोबांच्या डोळ्यांत तपासणीचं औषध घातलेलं होतं, त्यांना काही दिसत नव्हतं. "काय फुटलं? अहो, काय फुटलं?" असं ते विचारत होते.

"थेंब देऊन मारलंस माझ्या बापाला!" आतून भावाचा आवाज आला. "कुत्र्यालासुद्धा कुणी असं मारत नाही!"

त्याला जे ठाऊक होतं ते एवढंच. तातडीच्या विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "डोळ्यांत काय घालत होते?" मी बाटली दाखवली. त्यांनी बाटलीवरचं नाव वाचलं आणि म्हणाल्या, "हे डोळ्यांतला दाब कमी करायचे थेंब. डोळ्याच्या कोपऱ्यातून नाकात उतरतात आणि तिथून रक्तात. दमेकऱ्याची श्वासनळी आवळते, आणि मग पंपही लागू पडत नाही. दमेकऱ्याला हे दिले कुणी?" पुढचं ऐकायला भाऊ थांबलाच नाही.

सकाळी ते थेंब मीच घातले होते. खालची पापणी ओढून, प्रत्येक डोळ्यात एक. अर्ध्या तासाने अप्पांच्या हातातला कप भिंतीवर आपटला. मी पंप दाबला, चार वेळा, दहा वेळा. त्यांनी माझ्या दंडात नखं रुतवली, मग छातीवर बुक्की मारून मला खिडकीसमोरून ढकललं, जणू त्यांच्या वाट्याची हवा मीच पीत होते. ओठ काळेनिळे पडले. शेवटी ते डोकं पलंगाच्या कठड्यावर आपटत राहिले आणि मला ते धरून ठेवता आलं नाही.

अप्पांनी एकतीस वर्षं डोळ्यांचे थेंब भरायच्या कारखान्यात काढली. बाटल्या भरायच्या खोलीत नखशिखांत झाकून जावं लागे. तिथे शिंकायचीही चोरी. जो खोकेल त्याची रवानगी खोकी बांधायला. अप्पांना तर तरुणपणापासून दमा. कपडे बदलायच्या जागी संडासाचं दार लावून ते पंप ओढत आणि मग छाती काढून आत जात. घरी कारखान्यातलं कुणी आलं की पंप पिठाच्या डब्यामागे जाई. त्या घरात आम्ही सगळं बोललो, शिव्यासुद्धा दिल्या, पण 'दमा' हा शब्द उंबऱ्याबाहेर नेला नाही.

गेल्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, "दमा? श्वासाचा त्रास? पंप वगैरे घेता?"

अप्पा खुर्चीत ताठ झाले. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी कारखान्याच्या डॉक्टरसमोर व्हायचे तसेच. "छे हो! घोड्यासारखा आहे मी."

पंप माझ्या पर्समध्ये होता. मी हसले.

बाहेर आल्यावर म्हटलं, "अप्पा, सांगायला हवं होतं."

"अगं, डोळ्याचं औषध डोळ्यात राहतं. लाखो बाटल्या भरल्यात मी. आता तू शिकवणार मला?"

मी परत आत गेले नाही.

आणि आता माझा भाऊ डॉक्टरांचा उजवा हात टेबलावर दाबून धरत होता. "याच हाताने लिहिलंस ना?" पाना खाली आला. गॅरेजात लोखंडावर लोखंड आपटताना मी पुष्कळदा ऐकलंय. हा आवाज तसा नव्हता, ओला होता. डॉक्टर किंचाळले. भावाने त्यांना खुर्चीसकट जमिनीवर पाडलं, छातीवर गुडघा रोवला आणि दोन्ही हातांनी गळा आवळला. त्यांचं तोंड उघडं राहिलं, डोळे बाहेर आले. असा चेहरा त्या दिवशी मी आधी एकदा पाहिला होता.

"सोड त्यांना!" मी ओरडले. "त्यांनी विचारलं होतं. अप्पाच नाही म्हणाले."

"खोटं!"

"मी शेजारी बसले होते. पंप माझ्याकडे होता."

कोपऱ्यात उभ्या असलेल्या नर्सबाईंनी केसपेपर पुढे केला. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. दमा: नाही.

भावाचे हात सुटले. डॉक्टर कुशीवर वळले आणि घशातून शिटीसारखा आवाज काढत हवा ओढू लागले. भाऊ उठून माझ्यासमोर आला.

"तुला तोंड नव्हतं?"

उलटा हात माझ्या तोंडावर बसला. दात ओठात घुसला.

"तोंड नव्हतं तुला, ताई?"

दुसऱ्या फटक्याने मी कपाटावर आदळले. तिसऱ्या फटक्यासाठी त्याने पाना उचलला. मी हात वर केले नाहीत. नर्सबाई मागून त्याच्या दंडाला लोंबकळल्या आणि तो बैल बसावा तसा खाली बसला.

पोलीस आले तेव्हा तो तिथेच होता. चौकीत माझ्या ओठाला रुमाल लावलेला. डॉक्टरांची तीन बोटं चिरडली होती, ती पुन्हा वळतील की नाही कुणाला माहीत नव्हतं.

"सावकाश लिहा, बाई," हवालदार म्हणाले. "यांनी कसं मारलं, कशाने मारलं, सगळं."

समोरच्या बाकावर भाऊ बेड्या घातलेले हात मांडीवर ठेवून बसला होता. तो पुढे वाकला. "ताई, माझं काय लिहायचं ते लिही. फाशी लिही. फक्त अप्पा खोटं बोलले, हे लिहू नकोस. कारखान्यात आदर्श कामगार म्हणून त्यांचा फोटो लागलाय."

"ते नाही लिहिलं तर दोष डॉक्टरांवर जाईल," मी म्हटलं.

"जाऊ दे ना. तो काय आपला कोण लागतो?"

हवालदारांनी पेन पुढे केलं. मी अप्पांचं पूर्ण नाव लिहिलं, वय लिहिलं, आणि त्याखाली, त्यांना तरुणपणापासून दमा होता आणि तो आम्ही सगळ्यांनी लपवला, असं लिहिलं. भावाने तोंड फिरवलं. मी पुढे लिहीत राहिले.