माळवस्तीच्या शाळेची वाट

जुना म्हणजे किती जुना, ते माझ्या झाकणावरचे ओरखडे पाहूनच तुम्हाला कळेल, मित्रांनो. मी लॅपटॉप आहे. माझी एक बिजागरी तुटलेली आहे, म्हणून पाठीला सतत डब्याचा टेकू लागतो. बॅटरी कधीच संपली. वायर काढली की मी तिथल्या तिथे बंद पडतो.

माझी पहिली पाच वर्षे हैदराबादच्या एका कंपनीत पत्रे लिहिण्यात गेली. तिथे खोली थंडगार होती आणि मला रोज मऊ फडक्याने पुसत. पुढे मी हळू चालू लागलो, तशी माझ्या जागी नवे यंत्र आले आणि माझी रवानगी खोक्यात झाली. तिथून मी नांदेडच्या एका दुरुस्तीच्या दुकानात पोहोचलो. फळीवर धूळ खात पडलो होतो, तेव्हा मुखेडकडचे एक शेतकरी, माणिकप्पा, दुकानात आले. त्यांची मुलगी पुनम नांदेडच्या कॉलेजात भूगोल शिकत होती.

"चालतोय ना ह्यो?" त्यांनी विचारले.

"चालतो, पण पळत नाही," दुकानदार म्हणाला.

"आमालाबी कुटं पळायचंय," असे म्हणत माणिकप्पांनी मला ज्वारीच्या रिकाम्या पिशवीत घातले.

पुनमला नकाशे करायला शिकायचे होते. कागदावरचे नव्हेत, संगणकावरचे. त्यांत रस्त्यांचा एक थर, नाल्यांचा दुसरा, घरांचा तिसरा. हवा तो थर ठेवावा, नको तो झाकावा, दोन ठिकाणांतले अंतर मोजावे. या कामाची महागडी सॉफ्टवेअर घेणे तिला शक्य नव्हते. तिच्या सरांनी सांगितले, की जगभरच्या माणसांनी मिळून बनवलेले एक फुकटचे सॉफ्टवेअर आहे.

"फुकटचं म्हणजे अर्धवट असंल की, सर?"

"शिकणारा अर्धवट नसला म्हणजे झालं," सर म्हणाले.

ते सॉफ्टवेअर उघडायला मला इतका वेळ लागे, की तोवर पुनमचा चहा पिऊन होई. मी तापायचो, माझा पंखा घरघरायचा. एका दुपारी लाइट गेली आणि तिचे सगळे काम पुसले गेले, कारण तिने ते जपून ठेवलेलेच नव्हते. ती थोडी रडली, मग पहिल्यापासून बसली. त्या दिवसापासून दर थोड्या वेळाने काम जपून ठेवायची सवय तिला लागली.

पोळ्याच्या सुट्टीला ती मला घेऊन घरी आली. त्यांच्या माळवस्तीत चौथीपर्यंतची शाळा होती. मुले अकरा, शिकवायला दयानंद सर आणि खिचडी शिजवायला धोंडाबाई. त्या आठवड्यात वरच्या कचेरीतून पत्र आले होते: गावातली मोठी शाळा नकाशावर अवघ्या नऊशे मीटरवर आहे, तेव्हा वस्तीची शाळा बंद करून मुलांना तिकडे पाठवावे.

"नऊशे हाय, पण पाखराला," धोंडाबाई म्हणाली. "लेकराला पंख हाइत का?"

खरेच होते. वस्ती आणि गाव यांच्यामध्ये नाला होता. पावसाळ्यात तो भरून वाहायचा. मग लांबून, सडकेच्या पुलावरून वळसा घालावा लागायचा.

दुसऱ्या दिवशी पुनमने चालण्याची वाट टिपणारे एक फुकटचे ॲप आपल्या फोनमध्ये घेतले. ती, धोंडाबाई आणि मुले शाळेच्या दारातून निघाली आणि पुलावरून गावच्या शाळेच्या दारापर्यंत गेली. मी टेबलावरच होतो. परत आली तेव्हा सगळ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरले होते आणि फोन मात्र प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा होता. येताना नाल्यात कमरेइतक्या पाण्यात उतरून धोंडाबाईने बांबू रोवला होता आणि त्याचे फोटोही पुनमने काढले होते.

तिने वाटेचे सगळे ठिपके माझ्यात भरले. पण वस्तीच्या जागी काहीच दिसेना. शोधता शोधता ते सापडले उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात! उत्तरेकडचा आकडा आणि पूर्वेकडचा आकडा, दोघांची तिने अदलाबदल केली होती.

"आपली वस्ती कुटं गेली गं?" धोंडाबाईने विचारले.

"बर्फात, मावशी."

"मंग थंडीची सुट्टी द्या म्हनावं लेकरायला."

पुनमने आकडे जागेवर घातले आणि वाट अलगद माळवस्तीवर येऊन बसली. लांबी भरली दोन हजार सातशे चाळीस मीटर.

"तीन किलोमीटरच लिही ना," दयानंद सर म्हणाले. "पूर्ण आकडा बरा दिसतो."

"न्हाई सर. जेवढं चाललो तेवढंच."

मग तिने आणखी एक गोष्ट केली. पावसाळा सरून नाला कोरडा पडला की लोक त्यातूनच जातात. ती अकराशे मीटरची वाटही तिने तुटक रेषेने नकाशावर दाखवली. धोंडाबाई भडकली.

"हे कशाला दाखवायलीस? त्यायच्या हातात कोलीत द्यायलीस व्हय?"

"मावशी, कचेरीतले साहेब नाला कोरडा असताना आले आन् त्यायनी ही वाट बघितली तर? मग आपलं पावसाळ्याचंबी खोटंच ठरंल."

"शिकून आपल्याच मुळावर उठलीस," असे म्हणून धोंडाबाई निघून गेली. त्यानंतर ती पुनमशी बोलली नाही. शाळा चालू ठेवा, अशा वस्तीच्या अर्जासोबत नकाशा कचेरीत गेला. पण कॉलेजात परतल्यावर पुनम माझ्यापुढे बसून ती तुटक रेष कितीतरी वेळ पाहत राही. ठेवून चुकले तर नाही ना, असे तिच्या मनात येत असावे. पण तिने ती पुसली नाही.

जानेवारीत त्या कचेरीतले साहेब शाळा पाहायला आले. पुनमही मला घेऊन आली होती. लांब वायर ओढून मला ओसरीवर ठेवले होते. साहेब आधी सरळ नाल्याकडे गेले. परत आले तेव्हा बुटांवर धूळ होती.

"इथून तर सरळ वाट आहे! अर्जात तुम्ही पुलावरचा फेरा मोजलाय."

दयानंद सर जमिनीकडे पाहू लागले. मी इतका तापलो होतो, की आताच बंद पडतो की काय, अशी मला भीती वाटली. पुनमने नकाशा उघडला.

"ही वाटसुद्धा दाखवलीय, साहेब. तुटक रेष. कोरड्या दिवसांत चालू, पावसाळ्यात बंद." आणि तिने तारखेसह फोटो लावले. गढूळ पाणी, रोवलेला बांबू आणि त्याला धरून उभी असलेली एक बाई.

"ही कोण?"

"मीच की," धोंडाबाई दारातून म्हणाली. "पानी माझ्या कमरेइतकं हाय. म्हंजी लेकराच्या गळ्याइतकं. तुमी या पोळ्याला, मी दाखविते."

साहेबांनी दोन्ही वाटा पुन्हा पाहिल्या. "तुम्ही गैरसोयीची वाटही लपवली नाही, म्हणून दुसरीवर माझा विश्वास बसतो," ते म्हणाले.

महिन्याभराने आदेश आला: नाल्यावर पूल होईपर्यंत वस्तीची शाळा वस्तीतच राहील. कायमची नव्हे, पण राहील. त्या दुपारी धोंडाबाईने पुनमपुढे खिचडीचे ताट ठेवले, वर तेलाची धार सोडली आणि म्हणाली, "खा. लई वाळलीस."

पुढे पुनमला लातूरला नकाशांचेच काम मिळाले. तिथे तिला नवे यंत्र आहे. मी वर्षभर पत्र्याच्या पेटीत पडून होतो. माझ्या कळांखाली मुंग्यांनी घर केले. मला वाईट वाटले, पण राग आला नाही. मग एका सुट्टीत तिने मला स्वच्छ केले आणि वस्तीच्या शाळेला दिले. आता मुले हापसा, चिंचेची झाडे, विहिरी, घरे माझ्यावर मांडतात.

परवा खिचडी वाटून झाल्यावर धोंडाबाई माझ्यापुढे येऊन बसली. पुनम सुट्टीला आलेलीच होती.

"सगळ्यायचं मांडलंय. माझं घर कुटं हाय ह्यात?"

ते नव्हतेच. पुनमने तिचा हात धरून बाण जागेवर नेला. "दाबा, मावशी." धोंडाबाईने इतक्या जोराने दाबले, की मी हललो. तिथे एक लाल ठिपका उमटला. पुनमने त्याखाली काहीतरी लिहिले.

"काय लिवलंस?"

"धोंडाबाईचं घर."

धोंडाबाईने पदराने माझा पडदा पुसला आणि कितीतरी वेळ त्या ठिपक्याकडे पाहत राहिली.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे एखादे यंत्र माळ्यावर पडले असेल. ते टाकण्याआधी एकदा पुसून, सुरू करून पाहा. कोणाचे तरी शिकणे त्यावर होऊ शकते. आमच्यावर पाणी सांडू नका, वायर हिसकू नका. आणि आमच्यात जे भराल, ते स्वतः चालून, पाहून, मोजून भरा. कारण खरे काय आणि खोटे काय, ते मला कळत नाही. तुम्ही जे द्याल, तेच मी सगळ्यांना दाखवतो.