चौथं टेकण

मालूने रेशनच्या तांदळाची गोण गुडघ्यावर घेतली, तिथून खांद्यावर आणि खांद्यावरून डोक्यावर चढवली. चुंबळ नीट बसली का ते बघायला तिने मान जराशी हलवली, तेवढ्यात खालच्या गावातल्या शाळेच्या ओट्यावरून साहेबांचा आवाज आला.

"वरच्या वाडीतून या शाळेत चालत यायला-जायला किती वेळ लागतो?"

ती थांबली. शेजारी तिची सहा वर्षांची लेक नमिता, साखरेची पुडी दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी होती.

साहेब तालुक्याहून आले होते. निडी स्टेशनला उतरून इथपर्यंत चालत आल्यामुळेच त्यांच्या सदऱ्याची पाठ भिजली होती. मांडीवर छापील कागद, हातात पेन. समोर वाडीतली तीन माणसं उकिडवी बसली होती. मालूचे सासरे महिपती, गुणाजी आणि जनू. वाडीच्या शाळेवरचे प्रविण गुरुजी खांबाला टेकून उभे होते.

"वेळ कसला लागतोय," महिपती म्हणाले. "तंबाखूची चिमूट दाढेला धरायची. ती विरघळायच्या आत माणूस वर."

"म्हणजे तासभर?"

"तास सपाटीवरच्या पेणवाल्यांना लागत असंल. अर्धा तास लिवा."

"तो वझं घेऊन," गुणाजी म्हणाला. "रिकामा माणूस वीस-पंचवीस मिन्टात."

"मी तर भाताची गोण घेऊन चढतो, बिडी विझायच्या आत," जनू म्हणाला.

"तुझी बिडी विझतेच कवा? एक संपली की दुसरी."

तिघेही हसले. गुरुजींनी घसा खाकरला. "साहेब, चढ खडा आहे. मी रोज येतो-जातो. मला स्वतःला..."

"गुरुजी रोह्याकडच्या वरश्याचे हाइत," महिपती म्हणाले. "सायकलीवर वाढलेले पाय. त्यांचं नका धरू."

साहेबांनी मान हलवली आणि लिहिलं. "वीस-पंचवीस मिनिटं. म्हणजे अंतर दीड किलोमीटरच्या आत." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मग प्रश्नच मिटला. जवळ दुसरी शाळा असताना अकरा मुलांसाठी वेगळी शाळा ठेवता येत नाही. जूनपासून तुमची मुलं इथे येतील. शुक्रवारी मी वर येतो, शाळेचं सामान मोजायचं आहे. तेव्हाच या जबाबावर तुमचे अंगठे घेईन."

जनूच्या बोटांतली बिडी विझली होती, तरी तो ती ओढत होता.

"वीस मिन्टं नाय हो सायब," मालू म्हणाली. ओझ्याखाली आवाज बारीक निघाला.

महिपतींनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. "तू हो म्होरं. उन्हं चढतील."

*

वाटेवर पाच टेकणं होती. छातीइतके उंच, दगडावर दगड रचलेले ओटे. ओझेवाल्या माणसाला उभ्या उभ्याच डोक्यावरचं ओझं त्यावर सरकवता यावं आणि पुन्हा कुणाची मदत न घेता उचलता यावं, म्हणून कधीकाळी कुणी तरी बांधलेले. वाडीच्या वर आणखी तासाभराच्या चढावर गड होता. आता तिथे फुटके बुरूज आणि पाण्याची टाकी एवढंच उरलं होतं, पण ही वाट गडाचीच.

टेकणावर ओझं टेकलं की शेजारच्या करवंदीचं एक पान तोडून दगडाखाली ठेवायचं, अशी रीत होती. डोंगराने भार घेतला, त्याचं ते पान. मालू लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिला चुलीच्याही आधी हे शिकवलं होतं.

पहिल्या टेकणावर तिने पान ठेवलं. दुसऱ्यावर ठेवलं. तिसऱ्यापाशी नमिता म्हणाली, "आई, माझे पाय बोलत नाहीत." चौथ्यापाशी ती खालीच बसली. मालूने गोण टेकणावर सरकवली, लेकीला मांडीवर घेतलं आणि तिच्या पोटऱ्या चोळल्या. केसांना खोबरेलाचा आणि पाटीवरच्या पेन्सिलीचा वास येत होता. जूनपासून ही पोर रोज असं दोनदा करणार. पावसात शेवाळलेल्या दगडांवरून, पाठीवर दप्तर घेऊन.

चौथ्या टेकणामागे एक मोठा खडक होता. मागे एकदा नमिताची शेळी शोधताना मालू त्याच्या पलीकडे गेली होती. तिथे सावलीत एक दगड होता, बसून बसून पाट्यासारखा गुळगुळीत झालेला, आणि भोवती बिड्यांची थोटकं. शंभरेक तरी असतील. जुनी, नवी, पावसाने भुसा झालेली. तंबाखूच्या पिंकांनी खडक तांबडा झाला होता. तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. दगडाखाली रचलेली पानं मात्र बायकांचीच, हे तिला कळून चुकलं होतं.

*

"तुम्ही सायबाला सांगा," संध्याकाळी ती म्हणाली. महिपती अंगणात कोयतीला दगडावर धार लावत होते. सासू बायजाबाई भाकऱ्या थापत होती. "मामंजी, पोरं जायाची नाहीत खाली. पैल्या पावसातच शाळा सोडतील."

"आमी पोरं व्हतो तवा गडावर जायाचो पाणी प्यायला."

"शाळेत जायाचे का?"

कोयतीचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. "एकदा बोललो ते बोललो. उद्या सायब म्हनंल, महिपतीचा दम गेला."

ते उठून गोठ्याकडे गेले. बायजाबाईने तव्यावरची भाकरी उलटली.

"तुला ठावं नाय गो. गडावर किल्लेदार व्हता तवा दाणागोटा आपल्या वाडीनं पोचवायचा. दरवाज्यापतूर वझं न टेकता जो जाईल, त्याच्या घरचा नारळ होळीत पैला. तवापासून पैला नारळ आपल्या घरचा. गड गेला, किल्लेदार गेला. नारळ ऱ्हायला."

"मंग टेकणं कुणी बांधली?"

"बाप्यांनी."

"कुणासाठी?"

बायजाबाईने चुलीत फुंकर घातली. धुराने डोळे मिटले तरी ती हसत होती. "बायांसाठी, म्हनत्यात."

मालू पेणच्या पलीकडची, खाडीकाठची. रामवाडीला एसटीतून उतरलं की तिथून पुढे तिच्या माहेरापर्यंत सगळी सपाट जमीन. भाताच्या खाचरांना समुद्रापासून वाचवणारा एक मातीचा बांध, त्यापलीकडे मिठागरं. तिचे वडील काळुराम उधाणाला बांधावर फिरायचे. बोटभर पाणी झिरपताना दिसलं की पत्र्याचा डबा बडवायचे. सगळं गाव चिखल घेऊन धावायचं. एकदा तर खेकड्याच्या बिळातून पाणी आलं होतं आणि तेवढ्यासाठी दीडशे माणसं उठली. कोणी हसलं नाही. डबा न वाजवणाऱ्याला मात्र गाव वर्षभर नावं ठेवी.

"आमच्याकडं आधी बोंब ठोकतात, मंग बघतात," ती म्हणाली.

"तुमचं पाणी धावत येतं गो. डोंगर कुठं धावतो? तो बसून ऱ्हातो, मानसाकडं बघत. त्याच्यासमोर वाकायचं कसं, असं वाटतं बाप्यांना."

"आत्याबाय, तुम्ही किती टेकणं टेकता?"

"पाचीच्या पाची."

"आणि मामंजी?"

बायजाबाईने भाकरी टोपल्यात टाकली. "त्यांच्यासंगं पन्नास वरसं चढते. चौथ्याला ते नेमके म्होरं जातात."

रोह्याला कंपनीत शिफ्ट करणाऱ्या जितेशचा, मालूच्या नवऱ्याचा निरोप गुरुजींनी दुसऱ्या दिवशी आणला. वरश्याला खोली बघतो, नमिताला तिथेच शाळेत घालू. मालूने गुरुजींबरोबरच उलटा निरोप धाडला. वाडीत अकरा पोरं आहेत. नमिता गेली की दहा. मग दहाचे आठ व्हायला वेळ लागत नाही. खोली बघू नका.

आणि शुक्रवारच्या आदल्या रात्री जेवण वाढताना ती सासऱ्यांना म्हणाली, "उद्या मी पण खाली येते. नमिताला घेऊन."

"कशाला?"

"वाट मोजायला. मान तुमचा, मामंजी. वाट पोरीची हाय."

महिपतींनी घास तसाच धरून ठेवला. मग खाल्ला.

*

सकाळी दहाला साहेबांना घेऊन सगळे खालच्या गावातून वर निघाले. महिपतींच्या डोक्यावर भाताच्या बियाण्याची गोण, मागे पिशवी घेतलेले साहेब, मग गुणाजी आणि जनू, शेवटी मालू आणि नमिता. गुरुजी आधीच वर गेले होते.

पहिल्या टेकणापाशी मालू थांबली. महिपती थांबले नाहीत. तिने डोक्यावरची मिठाची पाटी सरकवली आणि करवंदीचं पान ठेवलं.

"एक," ती म्हणाली.

साहेबांनी रुमालाने मान पुसली. "हे काय?"

"विसाव्याचं पान, सायब. खालची बघा, वाळलेली. या आठवड्याचीच हाइत. प्रत्येक पानाला एक दमलेलं माणूस."

दुसऱ्यापाशी साहेब स्वतःच बसले. तिसऱ्यापाशी त्यांनी चपला काढून तळवे बघितले. मालू आकडा म्हणत होती आणि नमिता पान ठेवत होती. गुणाजी आणि जनू उभेच राहत. खाली दरीकडे बघत, जसा काही तिथे कुणाचा बैल चुकला होता.

चौथ्यापाशी पोचले तेव्हा साहेबांच्या घड्याळात एक तास होऊन गेला होता. नमिताचा चेहरा लाल झाला होता. ती काही न बोलता टेकणाला पाठ लावून खाली घसरली. महिपती कुठेच दिसत नव्हते.

"चार," मालू म्हणाली. "लिवा सायब."

"बाई, असं लिहिता येत नाही," साहेब दमून म्हणाले. ओरडून नव्हे, समजावून. "मी ऑफिसात बसणारा माणूस, ही लहान मुलगी. आमच्या पायांनी कोणी अंतर ठरवत नाही. जबाब गावच्या वडीलधाऱ्यांचा आहे. ते म्हणाले वीस मिनिटं. ते आत्तासुद्धा वर पोचले असतील. त्यांनी बदलला तर मी बदलतो."

खडकामागून बिडीचा अगदी बारीक वास येत होता. गुणाजीने जनूकडे बघितलं आणि दोघांनीही मान खाली घातली. मालूला तो वास आला. चार पावलं टाकली असती तरी पुरलं असतं. साहेबांना तिकडे नेऊन, तो गुळगुळीत दगड दाखवायचा होता फक्त.

ती गेली नाही. ती लेकीजवळ बसली, तिचे पाय मांडीवर घेतले आणि म्हणाली, नेहमीपेक्षा जरा मोठ्याने, "दमलीस गो बाय? दमलीस तर दमले म्हनायचं. त्यात लाज कसली. आपल्याकडं डबा वाजवतात."

"डबा नाही ना इथं," नमिता म्हणाली.

"नाय. तोंड हाय."

करवंदीच्या जाळीत कुठे तरी पाखरू हललं. साहेब पिशवीतून पाण्याची बाटली काढत होते. खडकामागे पायाखालचा पाचोळा वाजला आणि महिपती बाहेर आले. वरच्या बाजूने नव्हे, खडकाला वळसा घालून, खाली. डोक्यावर गोण होती. ते टेकणापाशी आले, छातीने दगडाला टेकले आणि गोण सरकवली. एवढ्या वर्षांत मालूने त्यांचं ओझं टेकल्याचा आवाज कधी ऐकला नव्हता. गोण दगडावर बसली आणि त्यांच्या तोंडून मोठा श्वास सुटला.

मग ते करवंदीकडे गेले. पान तोडायची सवय नव्हती, अख्खी डहाळी हातात आली. बोटांना चीक लागला. त्यातलं एक पान त्यांनी निवडलं आणि नमिताच्या पानाशेजारी दगडाखाली सारलं.

"लिवा सायब," ते म्हणाले. "चिमूट विरघळून कवाच गेली."

साहेबांनी बाटलीचं झाकण लावलं.

"अजून एक टेकण ऱ्हायलंय. ते पन लिवा. पावसात दुप्पट धरा."

साहेबांनी कागद काढला. टेकणावरच ठेवून आधीचा आकडा खोडला, घड्याळ बघून वर नवा लिहिला, आणि खोडलं तिथे सही केली. शाईचं पॅड उघडून त्यांनी पुढे केलं. चिकाने माखलेला अंगठा महिपतींनी धोतराला पुसला आणि उठवला. त्यांच्यामागून गुणाजी आला. जनू आधी करवंदीकडे गेला.

*

साहेब शाळेचं सामान न मोजताच परतले होते. घरी बायजाबाईने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आन् होळीचा नारळ?"

"होळीला अकरा महिने हाइत," महिपती म्हणाले आणि कोयती घेऊन बसले.

पंधरा दिवसांनी मालू पुन्हा रेशन घेऊन चढत होती. वर गुरुजी पोरांकडून पाढे म्हणवून घेत होते, त्यांचा गलका चौथ्या टेकणापर्यंत उतरत होता. त्यात नमिताचा आवाज ओळखायचा तिने प्रयत्न केला. मग गोण सरकवली, पान तोडलं आणि ठेवायला दगड उचलला.

दगडाखाली जागा नव्हती. ओल्या, सुकलेल्या, काही तर डहाळीसकट तोडलेल्या पानांचा ढीग बाहेर आला होता. खाली पडलेली तिने गोळा केली, आपलंही त्यांत मिसळलं आणि ठेवायला आणखी एक दगड शोधू लागली.