गळ्यातली चावी

"दार माझ्या तोंडावर बंद होणं शक्यच नाही," सीताराम गमरे छाती काढून म्हणाला. "अख्खी नोकरी दारं उघडण्यात नि लावण्यात गेली माझी. भल्याभल्या साहेबांची बोटं वाचवलीत मी."

हे तो समोरच्या रमाकांत माणगावकरांना ऐकवत होता. माणगावकरांनी बापड्यांनी एवढंच सुचवलं होतं, की या नव्या टॉवरची दारं ओढली की आपोआप लॉक होतात, तेव्हा कचऱ्याची बादली बाहेर ठेवतानासुद्धा चावी जवळ असलेली बरी. सीताराम फोर्टातल्या एका जुन्या ऑफिस बिल्डिंगीत लिफ्टमन होता. जाळीच्या दाराची लिफ्ट, खाकी शर्ट, बसायला स्टूल. त्याला दाराबद्दल कोणी शिकवावं, हा त्याला त्या खाकी शर्टाचाच अपमान वाटला.

वाक्य पुरं झालं आणि जिन्याकडून वारा आला. मागे धाडकन दार लागलं. सीताराम लुंगी-बनियनवर, हातात कचऱ्याची बादली, चावी आत खुंटीवर. मुलगा स्वप्नील एअरपोर्टला शिफ्टवर, सून दीपिका परळच्या लॅबमध्ये. दोघंही संध्याकाळशिवाय येणार नव्हते.

माणगावकर सज्जन माणूस. हसले नाहीत, नुसते खोकले.

आवाजाने पॅसेजमधलं तिसरं दार उघडलं आणि ललिता मोहिते बाहेर डोकावली. तिने आधी बादली पाहिली, मग लुंगी, मग बंद दार.

"भावजी, या आत," ती म्हणाली. "बादली राहू दे तिथेच."

आधीच्या चाळीत ललिताची खोली गमऱ्यांच्या अगदी समोर होती. ती आणि सीतारामची बायको शैला एकमेकींच्या उंबऱ्यावर बसून भाजी निवडायच्या, आणि कोणाची मेथी कोणाच्या घरात शिजली ते जेवताना कळायचं. तिथे दार लागायचं ते रात्री निजताना. दिवसा कोणी लावलंच, तर शेजारी येऊन विचारायचे, भांडण झालंय की कोणाला बरं नाहीये? मग चाळ पाडायची ठरली. नव्या घराची चावी हातात पडायच्या आदल्या वर्षी शैला गेली. तिचा पाटा जड म्हणून तिथेच राहिला. वरवंटा मात्र सीताराम टॅक्सीत मांडीवर घेऊन आला.

सोडतीत ललिताला घर लागलं ते नेमकं त्याच मजल्यावर. सगळे म्हणाले, नशीब काढलंत. पण राहायला आल्यापासून सीताराम एकदाही तिच्याकडे गेला नव्हता. इथे दार बंद असायचं. जायचं तर बेल दाबायची, आणि बेल दाबली की समोरचा विचारणार, काय काम काढलंत? सीतारामकडे काम नव्हतं.

त्या दिवशी मात्र कारण आयतं मिळालं. चहा झाला, बोंबलाचं कालवण झालं, टीव्हीवरची सासू दोघांनी मिळून झोडपली. दाढी वाढवल्याबद्दल ललिताने त्याला झापलं आणि शैला असती तर काय बोलली असती तेही शैलाच्याच आवाजात करून दाखवलं. शैला गेल्यापासून त्याचा इतका चांगला दिवस गेला नव्हता.

पुढच्या आठवड्यात दार परत लागलं. मग परत. वाऱ्याला कोण काय बोलणार? सीताराम आताशा बाहेर पडण्याआधी चावी खुंटीवर आहे ना, ते नीट बघून घ्यायचा आणि मगच बादली उचलायचा.

एकदा वारा पडलेला होता. तेव्हा त्याने इकडेतिकडे पाहून दार स्वतःच ओढलं. घाईत लुंगीचं टोक आत राहिलं. धड पुढे जाता येईना, धड लुंगी सोडता येईना. ललिताची बेल दोन हातांवर, पण हात पोचेना. शेवटी तिनेच कशाला तरी दार उघडलं, आणि काही न विचारता खुर्ची बाहेर आणली. त्या दिवशी चहा पॅसेजमध्येच झाला. दीपिका आली तेव्हा सासरा दाराला बांधल्यासारखा बसून पापड खात होता.

ती हसली नाही. रात्री स्वप्नीलशी हळू आवाजात बराच वेळ बोलत राहिली. सीतारामला भिंतीपलीकडून एवढंच ऐकू आलं, की लॅबमधल्या डॉक्टरबाईंना विचारलंय, विसरण्याची सुरुवात अशीच होते म्हणाल्या.

सीताराम कूस बदलून पडून राहिला. खरं सांगावं तर ललिताकडच्या दुपारी जातील. न सांगावं तर डोकं जाणार, निदान कागदोपत्री तरी.

रविवारी स्वप्नील शिफ्टवर गेल्यावर दीपिका निळ्या दोरीचं मोठं बंडल घेऊन पॅसेजमध्ये आली. तिच्या लॅबमध्ये टीम बिल्डिंगच्या नावाखाली एकदा सगळ्यांना एका खोलीत कोंडून पॅराकॉर्डच्या माळा करायला लावल्या होत्या. टीम काही बिल्ड झाली नव्हती, पण दीपिकाला गाठ आली होती. आता मजल्यावरच्या सगळ्यांनी आपापली माळ करायची, खाली हूक लावायचा, हुकात चावी, आणि चावी गळ्यात.

"पॅराकॉर्ड म्हणजे पॅराशूटची दोरी," माणगावकर मोबाईलवर वाचून म्हणाले.

"मग आता अकराव्यावरनं उडी मारायची काय?" ललिताने विचारलं.

चटया अंथरल्या गेल्या. तिन्ही दारं सताड उघडी ठेवली आणि प्रत्येकाने आपापल्या दाराला अडण लावली. गमऱ्यांच्या दाराला शैलाचा वरवंटा, ललिताच्या दाराला पाणी भरलेला तेलाचा डबा, माणगावकरांच्या दाराला त्यांनी एकदाच उचललेलं डंबेल. चाव्या आत खुंट्यांवर होत्या. माळ पुरी झाली की आणायच्या.

काम सोपं होतं. दोरी मधोमध दुमडायची, डावी बाजू उजवीवरून, मग उजवी डावीवरून, आणि ओढायचं. माणगावकरांनी डावी-उजवीत इतका गोंधळ घातला की त्यांचा अंगठाच माळेत विणला गेला, आणि त्यांच्या बायकोने, पद्मजाबाईंनी, तो शांतपणे सोडवला. सीतारामच्या गाठी तर बसतच नव्हत्या. तो एक गाठ मारायचा, दीपिकाचं लक्ष नसलं की दोन सोडायचा. माळ पुरी झाली की दुपारी संपल्या, हे त्याला कळत होतं.

"बाबा, तुमची दोरी वाढायच्या ऐवजी कमी कशी होतेय?" दीपिकाने विचारलं.

आता काहीतरी बोलणं भाग होतं.

"दोरीला ताण नाही ना," सीताराम जाणकारासारखा म्हणाला. "लिफ्ट कशावर चालते? वजनावर. पलीकडे वजन नसेल तर ती जागची हलत नाही. दोरीच्या टोकावर वजन ठेवा, मग बघा गाठी कशा बसतात."

सगळ्यांना पटलं. लिफ्टमनने सांगितलेलं होतं. जो तो उठला आणि हाताशी असलेलं वजन घेऊन आला. वरवंटा आला, तेलाचा डबा आला, डंबेल आलं. टोकं दाबली गेली आणि गाठी खरोखरच सुरेख बसायला लागल्या. सीताराम स्वतःच चकित झाला. खोड्या विसरून तोही भराभर विणत सुटला.

तेवढ्यात चटया पॅसेजमध्ये का पसरल्यात ते विचारायला वॉचमन आला. तो जिन्याने आला आणि त्याने जिन्याचं दार उघडलं.

धाड. धाड. धाड.

वॉचमनने तीन बंद दारं पाहिली, पाच माणसं पाहिली, आणि आपली ड्यूटी गेटवर आहे हे आठवून तो आला तसा खाली गेला.

सगळ्यांच्या माना एकदमच सीतारामकडे वळल्या.

"आईशपथ," तो म्हणाला, "या वेळी मी नाही."

दीपिकाचे हात दोरीवरच थांबले.

"या वेळी म्हणजे, बाबा?"

सीतारामने वरवंट्याकडे पाहिलं. तिथून काही मदत येईना.

"बेल दाबली की लोक विचारतात, काय काम आहे," तो शेवटी म्हणाला. "मला काय काम असणार गं? दार लागलं की कोणी विचारत नाही. बस म्हणतात."

दीपिकाने मान खाली घातली आणि एकच गाठ ओढत राहिली. मग नाक पुसून म्हणाली, "मी तुमचा नंबर लावलाय डॉक्टरकडे. बुधवारचा. मला वाटलं, तुम्ही हळूहळू मलापण विसरणार."

"तुला कसा विसरेन?" सीताराम म्हणाला. "माझ्या चहातली साखर कोण चोरतं रोज?"

"आणि मी रोज दोन कप जास्तीचं आधण ठेवते, ते काय विसरून?" ललिता गाठ मारता मारता म्हणाली. "लुंगी अडकली त्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं, भावजी."

माणगावकर खोकले. पद्मजाबाई पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या आणि मग कितीतरी वेळ त्यांना थांबताच येईना.

मोबाईल हातात होता तो फक्त माणगावकरांच्या. त्यावरून दीपिकाने लालबागच्या एका चावीवाल्याला फोन लावला. निघतोच म्हणाला. निघतो म्हणजे किती वेळ ते कोणी विचारलं नाही. पद्मजाबाईंनी पाय पसरले. ललिता शैलाची एक गोष्ट सांगायला लागली. दीपिकाने ती ऐकलेली नव्हती, सीतारामने बऱ्याचदा ऐकलेली होती, तरी तो पुढे सरकून बसला.

गोष्ट संपेपर्यंत त्याची माळ पुरी झाली. दीपिकाने लायटरने दोरीची टोकं वितळवून चिकटवली आणि माळ त्याच्या गळ्यात घातली. खाली रिकामा हूक लोंबत होता.

"उद्यापासून चावी यातच राहील," ती म्हणाली. "आणि आईंचा वरवंटा दारात. दिवसभर. कोणी बोललं तर माझं नाव सांगा."

सीतारामने बनियनवरची निळी माळ सरळ केली. साहेब यायच्या आधी खाकी शर्ट करायचा तशी.

तेवढ्यात माणगावकरांच्या मोबाईलवर खालून वॉचमनचा फोन आला. चावीवाला आला होता. लिफ्ट सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये बंद पडली होती, आणि तो आत होता.