ग्रंथपालांचा हात आणि खालचा पाइप

ग्रंथपालांच्या गाडीखाली रोज सकाळी हिरव्या पाण्याचं थारोळं साचायचं. गाडी त्यांच्या लग्नाहून जुनी. रेडिएटरच्या खालचा रबरी पाइप चिरला होता. त्यातून इंजिन गार ठेवणारं कूलंट गळायचं आणि चढ आला की इंजिन तापून फुसफुसायचं. शेवटी त्यांनी नवा पाइप आणला आणि रविवारी, इंजिन थंड असताना, कामाला हात घातला.

घातला तो घातलाच. उरलेलं कूलंट टबात काढून झालं, पाइप आवळून धरणारी अलीकडची क्लिप सुटली. पलीकडच्या क्लिपपर्यंत बोटं पोचली आणि घड्याळाचा पोलादी पट्टा तिच्या स्क्रूत अडकून बसला. बायकोनं साबण लावला, तेल ओतलं. हात मऊ झाला, सुटला मात्र नाही.

बायकोचा धाकटा भाऊ वकील. तो धावत आला आणि बॉनेटखाली डोकावून म्हणाला, "भाऊजी, मुळात हात आत घालायलाच नको होता."

"आता बाहेर कसा काढू ते सांग," ग्रंथपाल कुजबुजले. आयुष्य वाचनालयात गेल्यामुळे त्यांना मोठ्यानं बोलताच येत नसे.

बायकोनं गाड्यांच्या मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री म्हणाला, "मी दुकान सोडून येत नाही. गाडी घेऊन या."

"गाडीत यांचा हात अडकलाय!"

"मग त्यांनाही घेऊन या."

अडला हरी, दुसरं काय! वकील स्टीअरिंगवर बसला. बायको आणि शेजारचा शिंपी मागून ढकलू लागले. बॉनेट उघडं असल्यामुळे वकिलाला समोरचं काही दिसेना. ग्रंथपाल गाडीकडे तोंड करून, वाकून उलटे चालत होते आणि मान वळवून रस्ता सांगत होते.

"डावीकडे," ते पुटपुटले.

"काय?"

"डावीकडे!"

"तुमचं डावं की माझं?"

"अरे, ज्या हातानं तू जेवत नाहीस ते!"

हे वाक्य त्यांनी इतक्या जोरात म्हटलं की मागून शिंप्यानं विचारलं, "हे कोण ओरडलं?"

"आमचे हे!" बायकोचा आवाज भरून आला. एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं हा आवाज ऐकलाच नव्हता.

चौकात वाहतूक पोलिसानं हात आडवा केला. "चालक कोण?"

वकिलाला हुरूप आला. "साहेब, इंजिन बंद आहे. गाडी चालत नाही. चालतायत ते आमचे भाऊजी. गाडी नुसती त्यांच्या हाताला लागून येतेय."

पोलिसानं गाडीभोवती एक चक्कर मारली, ग्रंथपालांचे पाय पाहिले, बराच विचार केला. "म्हणजे हे पादचारी."

"अगदी बरोबर!"

"मग रस्त्याच्या मधून काय चालतायत? फुटपाथवर घ्या!"

वकिलानं कपाळावर हात मारला. पण पोलीस हटेना. चौघा वाटसरूंनी हातभार लावून गाडी फुटपाथवर चढवली. पुढे सगळं सुरळीत झालं. लोक बाजूला होत, एका आजीबाईनं तर "हातातलं ओझं जड दिसतंय" म्हणून हळहळही व्यक्त केली. ग्रंथपालांनी मान लववून आभार मानले.

मिस्त्रीनं गाडीखाली सरकून पट्ट्याची कडी दाबली. हात सुटला. ग्रंथपाल ताठ उभे राहू गेले, पण कंबर काही सरळ होईना.

मिस्त्रीनं जुना पाइप सुरीनं चिरून काढला, पाइप बसायची तोंडं पॉलिश पेपरनं घासली, नवा पाइप बसवून क्लिपा आवळल्या. कूलंट भरलं. आतली हवा निघावी म्हणून झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं आणि गाडीतला हीटर पूर्ण सोडला. बुडबुडे थांबले. झाकण लावून तो हीटर बंद करायला गेला, तर बटणच तुटून त्याच्या हातात आलं.

"हे वेगळं काम," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात या."

भर दुपारच्या उन्हात, काचा खाली करून, चौघं घामानं निथळत घरी निघाले. शिंप्यानं सदरा काढून मांडीवर घेतला. वकील हीटरच्या झोताला फाइलनं अडवत होता. बायको गाडी चालवत होती, आणि मागच्या सीटवर अर्धे वाकलेले ग्रंथपाल खणखणीत आवाजात सगळ्यांना सांगत होते, "तापमानाचा काटा बघा! इंजिन कसं गार आहे!"