एका शेअरचा मालक

शमुवेल उजागरे यांनी तेहेतीस वर्षं भोसरीतल्या एका कारखान्यात गिअरचे दाते तपासले. निवृत्त झाल्यावर फंडाचे पैसे आले, ते त्यांनी बँकेत मुदत ठेवीत टाकले आणि पावत्या कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवून दिल्या. चिखलीतल्या फ्लॅटमध्ये निवांत बसायचं आणि रविवारी चर्चमध्ये उपासनेला जायचं, एवढाच त्यांचा बेत होता.

तो पाळकसाहेबांनी मोडला. एका रविवारी त्यांनी तीन चाकरांचा दृष्टान्त सांगितला. धनी पैसे सोपवून परगावी गेला. दोघांनी व्यापार करून ते वाढवले, तिसऱ्याने भीतीपोटी जमिनीत पुरले आणि धनी परतल्यावर बोलणी खाल्ली. सांगताना पाळकसाहेब आपल्याकडेच बघत होते, असं उजागरेंना वाटलं. खरं तर पाळकसाहेब त्यांच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळ बघत होते.

"आपले पैसे पुरलेले आहेत," घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले.

जयमालाबाई भाकरी थापत होत्या. "पुरलेले कसले? धनी म्हणालाच ना त्याला, निदान सावकाराकडे ठेवले असतेस तर व्याज तरी आलं असतं. आपले बँकेतच आहेत."

"निदान म्हणाला, जयमाला. निदान म्हणजे काठावर पास."

त्यांच्या मुलीने, दिव्याने, मोबाईलवर खातं उघडून दिलं. मग उजागरेंनी कंपन्यांची छाननी सुरू केली. दारू आणि तंबाखू पहिल्याच दिवशी बाद झाली. साखर कारखाने बाद, कारण मळीची दारू होते. काचेच्या कंपन्या बाद, कारण बाटल्या कशाला लागतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. वेफर्सवाल्या कंपनीपाशी ते दोन दिवस अडले आणि शेवटी, दारूसोबत चखण्याला वेफर्सच लागतात म्हणून, तिच्यावरही काट मारली.

"बाबा, उरलं काय?" दिव्याने विचारलं.

उरली होती चाकणची मंदार्क ऑटो पार्ट्स. ब्रेकचे भाग बनवायची. ब्रेकमध्ये पाप सापडेना. उजागरेंनी चारशे बारा रुपयांना तिचा शेअर घेतला. एकच.

"एक?" दिव्या म्हणाली.

"आधी नमुना तपासायचा, मग लॉट उचलायचा."

तपासायचं कसं, तेही त्यांनी पवित्र शास्त्रातूनच काढलं. मजुराची मजुरी अडकवून ठेवली की तिचा आक्रोश देवाच्या कानी जातो, असं तिथे स्पष्ट आहे. म्हणून सोमवारी सकाळी स्कूटर काढून ते चाकणला गेले आणि मंदार्कच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर वही घेऊन बसले. शिफ्ट सुटली की येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचं: पगार वेळेवर होतो का, जेवण कसं असतं, बूट मिळतात का. असं तीन दिवस चाललं.

गेटवरचा वॉचमन हिंदुराव तिसऱ्या दिवशी स्वतःच शेजारी येऊन बसला. कंपनीच्या शेडखाली पूर्वी त्याच्याच घरचं कांद्याचं वावर होतं, त्यामुळे बोलायला तो कुणाला भीत नव्हता.

"आमचा पगार येळेवर हाय," तो म्हणाला. "पर ठेकेदाराच्या दीडशे मानसांचा ओव्हरटाइम दिवाळीपासनं न्हाई. लिवा. आन् सायबांनी बोलावलंय तुमाला आत."

आत सुजित नावाच्या एचआर मॅनेजरने त्यांना एसीत बसवलं. चहा आला, काजूची बिस्किटं आली. "साहेब, आधी फोन केला असता तर गाडी पाठवली असती," सुजित म्हणाला आणि उजागरेंनी तोंड उघडायच्या आत त्याने फोन उचलला. "ठेकेदाराचं बिल अडवलंय ना आपण? ते आजच सोडा. आणि त्याला सांगा, माणसांचा ओव्हरटाइम शुक्रवारपर्यंत खात्यात पडला पाहिजे."

आपल्याला हा लेबर ऑफिसर समजतोय, हे उजागरेंच्या लक्षात आलं तेव्हा त्यांच्या तोंडात बिस्कीट होतं. गप्प बसलं तर दीडशे माणसांचे पैसे मिळतात. पण गप्प बसणं हे खोटं बोलण्यात मोडतं की नाही? विचार करायला वेळ हवा म्हणून त्यांनी दुसरं बिस्कीट घेतलं. तेही संपलं.

"मी सरकारी माणूस नाही," ते म्हणाले.

"मग युनियनचे?"

"नाही. मालक."

सुजित खुर्चीतून उठून उभा राहिला. "किती टक्के, सर?"

"टक्के काढावे लागतील. शेअर एक आहे."

सुजित सावकाश खाली बसला. बिस्किटांची बशी त्याने आपल्याकडे ओढून घेतली आणि पुन्हा फोनला हात घातला.

"थांबवायचं तर थांबवा," उजागरे म्हणाले. आवाज तपासणीच्या टेबलावर असायचा तसाच निघाला. "फक्त मग वार्षिक सभेत मला उठून हेच विचारावं लागेल. एक शेअर असला तरी बोलता येतं, मी चौकशी केलीय. आणि माझ्या वहीत नावं आहेत, तारखा आहेत."

सुजितने वहीकडे पाहिलं. मग या म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि हा खरंच उठून बोलेल अशी त्याची खात्री पटली असावी. त्याने हात मागे घेतला. "काका, तुम्हाला दुसरी कंपनी मिळाली नाही का?"

"पुष्कळ बघितल्या. तुमचीच चांगली निघाली."

शुक्रवारी हिंदुरावचा फोन आला. पैसे पडले होते. पुढच्या आठवड्यात शेअर पंधरा रुपयांनी उतरला. ओव्हरटाइमशी त्याचा काही संबंध नव्हता, पण दिव्या काळजीत पडली. उजागरेंनी शांतपणे आणखी चाळीस शेअर घ्यायला सांगितले आणि रात्री प्रार्थनेत मंदार्कच्या संचालक मंडळाची नावानिशी आठवण केली.

जयमालाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्यांनीच मोबाईलमधली एक कंपनी उजागरेंसमोर धरली. राजगुरुनगरकडची, वायरिंग बनवणारी. कामावर बहुतेक बायकाच.

"उद्या जाऊन बघून येतो," उजागरे म्हणाले.

"तुम्ही काय बघणार? तिथला बायकांचा संडास कसा आहे, ते तुम्हाला आत जाऊन बघता येणार आहे का?" जयमालाबाईंनी पर्समध्ये वही टाकली. "मी येते. सकाळी लवकर निघू."