दोन्ही हात

हिमालयातून जखमींना हेलिकॉप्टरने खाली आणणाऱ्या पथकात ज्योत्स्ना परिचारिका होती. रजेवर बारामतीला घरी आली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी ती लोणी देवकरला रविंद्रकडे गेली. तो तिथल्या कारखान्यात फिटर होता. मे महिन्यात डोंगर चढताना घसरून त्याचा पाय मोडला होता, आणि त्याला सावरायला गेलेल्या बिरेंद्र या वाटाड्याच्या डोक्याला मार लागला होता. तिथल्या विरळ हवेत हेलिकॉप्टरला एकाच जखमीचं वजन पेलणार होतं. ज्योत्स्नाने बिरेंद्रला घेतलं. रविंद्रच्या पायाला फळी बांधून, अंगावर स्वतःचं जाकीट घालून ती निघाली. मग ढग दाटले आणि दुसरी फेरी चार तासांनी झाली. बिरेंद्र मात्र दवाखान्यात पोचल्यावर दगावला.

"तुम्हाला माझा राग आला असेल," ती म्हणाली.

"आला व्हता. लई शिव्या दिल्या तुमाला," रविंद्र म्हणाला. "आता न्हाय. पर एक इचारायचं हाय. बिरेंद्रच्या आईला मी फोनवर सांगितलं, मॅडम शेवटपर्यंत त्याचा हात धरून व्हत्या. खरं हाय न्हवं ते?"



"हात नाही धरता आला. दोन्ही हातांनी मास्कचा रबरी फुगा दाबत मी त्याला श्वास देत होते. उतरेपर्यंत."

रविंद्रने मोबाइलवर नंबर लावला आणि तिच्यापुढे धरला.

"हे तुमीच सांगा तिला."

पलीकडून बाईचा आवाज आला. ज्योत्स्नाने आधी आपलं नाव सांगितलं.