प्लास्टिकखालची मानाची बैठक

मित्रांनो, आधी पाठ सरळ करून नीट बसा. मी कातड्याची एक बैठक आहे आणि वेडेवाकडे बसलेले मला खपत नाही. बसणाऱ्यांची वाट पाहण्यात माझे उमेदीचे दिवस गेले. तेवढे आज तुम्हांला सांगणार आहे.

माझा जन्म डोंबिवलीला साईनाथ नावाच्या कारागिराकडे झाला. नयन नावाच्या तरुणाने हौसेने घेतलेली, दोनच आसनांची स्पोर्ट्स गाडी त्याच्याकडे आली होती. गाडी इतकी हलकी की तिच्यात जाड कातडे शोभले नसते. साईनाथने तपकिरी कातडे मागच्या बाजूने तासून पातळ केले, साच्यांवर बेतून कापले आणि दुहेरी शिवण घातली. मग गरम हवेने मऊ करून त्याने मला आसनावर ताणले आणि एकेक सुरकुती तळव्याने काठाकडे सारली. माझ्याच कातड्याचे तुकडे दारांना लागले. चालकाची बैठक ही माझी जुळी बहीण. मी तिच्या शेजारची.

"हिच्यावर पयली आये बसंल," नयन म्हणाला. मी अभिमानाने ताठ झाले.

धूळ बसू नये म्हणून साईनाथने माझ्यावर प्लास्टिक चढवले. "घरी गेल्यावर लगेच काढा हं. कातड्याला हवा लागते."

"आये बसली का काढतो ना!"

नयनचे घर कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या गावात. जिथे त्याच्या आईने, आवडाबाईने, भाताची लावणी केली, तिथे आता उंच इमारती आहेत. गाडी दारात येताच नारळ फुटला, ओवाळणी झाली.

"बस गो आये."

आवडाबाईने माझ्याकडे पाहिले, दारावर हात ठेवला आणि काढून घेतला. "आज आवस हाय. आज नको."

पुढच्या वेळी मंगळवार निघाला. त्याच्या पुढच्या वेळी ती म्हणाली, "देवीचे दिवस जवल आले. चामड्यावर नाय बसाचा."

खरे कारण घरात कोणाला उमगले नाही. मी जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच, आणि तिचे गुडघे थकलेले. डोक्यावर भाताचे भारे वाहिलेल्या त्या बाईला 'मला वाकता येत नाही' एवढे शब्द मात्र उचलवत नव्हते.

नयनची बायको करिश्मा एकदा बसायला आली, तर नयनने तिला थांबवले. "आयेचा मान हाय, ती बसूं दे."

"मंग मी काय डिकीत बसू?" असे म्हणून ती रिक्षाने गेली.

नयन एकटाच गाडी फिरवू लागला. माझी बहीण वापराने उबदार झाली, तिला सुंदर चुण्या पडल्या. मी मात्र प्लास्टिकखाली घामेजत राहिले. पावसाळाभर ओल कोंडली आणि माझ्या पाठीवर पांढरी बुरशी चढली. उघड्या खिडकीतून मला ओटी दिसे. आवडाबाईसाठी तिथे मोठी खुर्ची होती, पहिले ताट तिचे होते, येणारा-जाणारा तिच्या पाया पडे. पाया पडून झाले की जो तो आपल्या वाटेने आत जाई. ती आणि मी, दोघी मानाने बसलेल्या आणि एकट्या.

नवरात्रातल्या एका दुपारी घरात कोणी नव्हते. आवडाबाई हळूहळू गाडीपाशी आली. इकडेतिकडे पाहून तिने कनवटीचा अडकित्ता काढला आणि माझ्यावरचे प्लास्टिक टराटरा कापले. मग टपाला धरून तिने अंग सोडून दिले. धप्प! केवढे ते वजन, आणि केवढे सुख!

"बुरशी आली गो तुला!" तिने पदराने माझी पाठ पुसली. नंतर उठू पाहिले, उठता आले नाही. पुन्हा पाहिले. तिने शेजारपाजारच्या कोणाला हाक मारली नाही. माझ्यावर हात ठेवून म्हणाली, "तुला पन कोनी इचारीत नाय काय गो?"

उन्हे कलताना नयन आणि करिश्मा आले.

"आये! तू बसलीस?"

"मंग काय, तुजी वाट बगू?"

नयनने हात पुढे केला. "ये, उतर."

"उतराचा नाय. टेंभी नाक्याला चल. देवी बगाची हाय."

"अगो, पन चामड्यावर बसून?"

"देवी वाघावर बसते. वाघाला काय सुती कातडी हाय?"

करिश्मा पोट धरून हसली आणि घरीच थांबली. आम्ही निघालो. ठाण्यात गर्दीमुळे गाडी नाक्याच्या अलीकडेच थांबली. आवडाबाई उतरली नाही. दूरच्या दिव्यांकडे पाहून तिने बसल्या जागी हात जोडले. नयनने तिच्या गुडघ्यांकडे पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला.

"आये, आधी सांगाचा ना."

"गप. गाडी हाक."

घरी दोघांनी मिळून तिला उठवले. त्यानंतर ती माझ्यावर पुन्हा बसली नाही; तिच्या गुडघ्यांना ते झेपणारे नव्हते. पण संध्याकाळी तिच्या खुर्चीशेजारी आता आणखी एक खुर्ची असते, आणि ती रिकामी नसते. माझ्यावर करिश्मा बसते. साईनाथने पुष्कळ घासले, तरी माझ्या पाठीवरचा पांढरा डाग गेला नाही; आणि ओटी दिसली की ते एकदाच लाभलेले वजन मला आठवते.

मित्रांनो, ज्याला जपायचे त्याला मान देऊन दूर ठेवू नका. वस्तू असेल तर वापरा, पुसा, तिला हवा लागू द्या. माणूस असेल तर त्याच्याजवळ बसा. माझे सांगून झाले. आता उठा, तुमच्या घरात कोणी एकटे बसले असेल, तिकडे जा.